गल्ला आणि जीभ

दिवाळीत मॉलला सुट्टी नसते. दोन वर्षांपूर्वी भाऊबिजेला बहीण आणि भाची घरी आल्या, त्यातली भाची तासाभरापुरतीच आली होती. पुण्यातल्या एका मॉलमध्ये, कपड्यांच्या दुकानात ती काम करते. दुसऱ्या पाळीला जायचं म्हणून ती गणवेशातच होती. गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे एक छापील कागद दिसला म्हणून मी तो बघायला मागितला.

त्यावर अकरा कलमं होती. गिऱ्हाईक आत आल्यावर अर्ध्या मिनिटात हसून नमस्कार. ‘काय हवंय?’ असं विचारायचं नाही, ‘आज कोणासाठी खरेदी?’ असं विचारायचं. निदान तीन पर्याय दाखवायचे. कपडा अंगावर घालून बघायला सुचवायचं. जोडीला आणखी एक वस्तू दाखवायची. चालू योजना सांगायची. मेंबरशिप कार्ड विचारायचं, नसेल तर मोबाइल नंबर घ्यायचा. निरोपाचं वाक्यही ठरलेलं. प्रत्येक कलमापुढे चौकोन होता. मजल्यावरचा सुपरवायझर लांबून बघत असतो आणि चौकोनात बरोबरची खूण किंवा फुली करतो. कधी कंपनीनेच पाठवलेलं खोटं गिऱ्हाईक येतं आणि तेही असाच कागद भरून देतं. फुल्या जास्त झाल्या की त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह जातो.

भाचीचा त्या महिन्याचा गेला होता. दुकान बंद होण्याच्या वेळेला एक माणूस धावतपळत आला आणि पांढरा सदरा-पायजमा मागू लागला. माप विचारल्यावर त्याला सांगता येईना. ‘वडिलांसाठी’ म्हणाला आणि गप्प झाला. हिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, अंदाजाने माप काढलं, बिल केलं, पिशवी हातात दिली आणि हात जोडले. बोलली काहीच नाही. तीन पर्याय नाहीत, योजना नाही, मोबाइल नंबर नाही. अकरांपैकी आठ फुल्या.

‘मामा, त्यांना मी काय विचारणार होते? कोणासाठी खरेदी ते?’ ती म्हणाली आणि कामाला निघून गेली. कागदाची नक्कल मी उतरवून घेतली. पुढच्या दोन वर्षांतलं माझं वाचन त्या नकलेपासून सुरू झालं.

मी प्रशिक्षित इतिहास-संशोधक नव्हे. १९८७ साली दहावीनंतर साताऱ्यातल्या एका कापड दुकानात मी लागलो आणि अकरा वर्षं तिथे तागे उलगडले आणि घड्या घातल्या. पुढे पतसंस्थेत नोकरी केली. जुन्या पेढ्यांच्या रोजमेळ-खतावण्या जमवण्याचा नाद तिथे लागला आणि वाचता वाचता तोच अभ्यास झाला. त्यामुळे हा कागद पाहिल्यावर मला दोन प्रश्न पडले, एक अभ्यासकाचा आणि एक जुन्या सेल्समनचा. दुकानात काय बोलायचं हे पहिल्यांदा कागदावर कोणी लिहिलं? आणि आमच्या वेळी ते लिहावं असं कोणाला का वाटलं नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आमचे मालक गादीवर बसलेले असत. हाताशी गल्ला, समोर सगळं दुकान. कोणत्या गिऱ्हाइकाला चहा सांगायचा, भवानीच्या वेळी कोणाला भाव सोडायचा, लग्नाच्या बस्त्याला आलेल्या मंडळींत खरेदीचा शब्द कोणाचा, हे ते नजरेने सांगत. ताग्याच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिलेली असे, ती फक्त आम्हालाच वाचता येई. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. ‘रंग पक्का आहे’ हे वाक्य मी कच्च्या रंगाबद्दल कितीदा बोललो असेन, देव जाणे. पण ते वाक्य कधी बोलायचं आणि कधी गिळायचं, हे माझं मला ठरवता येत होतं. मालक हजर असल्यामुळे कागदाची गरज नव्हती. मालक दुकानातून उठून गेल्यावर कागदाची गोष्ट सुरू होते.

ही गोष्ट अमेरिकेतली आहे, पण तिच्याआधी पॅरिसचं एक वळण लागतं. १८५२ पासून पॅरिसच्या ‘बों मार्शे’ या दुकानात आरिस्तिद बुसिको यांनी वस्तूंवर ठरलेल्या किमती लावण्याची पद्धत रुजवली. न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्ट्युअर्ट यांचा मार्गही तोच होता, आणि पुढे फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर यांनी तो धरला. घासाघीस संपली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा मोठा न्याय होता, लहान मुलालाही मोठ्याच्याच भावात वस्तू मिळू लागली. पण घासाघीस हे विक्रेत्याचं कसब होतं. त्याला मालाची खरेदी किंमत, बाजाराची हवा आणि समोरच्याचा खिसा हे तिन्ही ओळखावं लागे. किंमत चिठ्ठीवर छापली गेली आणि त्या कसबाची निम्मी गरज सरली. आता थोड्या पगारावर, थोड्या शिकवणीत कोणालाही काउंटरमागे उभं करता येणार होतं. दुकानं मोठी झाली, मजले वाढले, आणि मालक गल्ल्यापासून लांब गेला.

लांब गेलेल्या मालकाला पहिली चिंता पैशाची. ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाच्या माणसाचं मद्याचं दुकान होतं. नोकर पैसे खिशात घालतात या संशयाने तो हैराण होता. १८७८ साली युरोपला जाताना त्याने जहाजाच्या इंजिनघरात पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं. फेरे मोजता येतात तर रुपये-पैसे का नाहीत, असा विचार करून भाऊ जॉन याच्या मदतीने त्याने विक्री मोजणारं यंत्र बनवलं आणि ४ नोव्हेंबर १८७९ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. यंत्राचं नावच ‘रिटीचा अभ्रष्ट रोखपाल’ अशा अर्थाचं होतं. पहिल्या यंत्राला पैशाचा खणही नव्हता, घड्याळासारखी तबकडी तेवढी होती. पुढच्या यंत्रांत खण आला, कागदावर नोंद आली आणि खण उघडताच वाजणारी घंटा आली. मालक मागच्या खोलीत असला तरी विक्री झाल्याचं त्याला ऐकू येऊ लागलं.

या यंत्राचं महत्त्व ओळखलं ते जॉन हेन्री पॅटरसन याने. कोळशाच्या धंद्याला जोडून त्याचं एक दुकान होतं. तिथे विक्री चांगली असून नफा दिसत नव्हता. यंत्रं बसवली आणि नफा दिसू लागला. १८८४ मध्ये त्याने ही यंत्रं बनवणारी कंपनी विकत घेतली आणि तिचं नाव ‘नॅशनल कॅश रजिस्टर’ ठेवलं. डेटनमधल्या व्यापाऱ्यांनी त्याला हसून घेतलं, कारण हे यंत्र कोणालाच नको होतं. दुकानातल्या नोकरांना तर ते चोर पकडायचा सापळाच वाटे. कंपनीचं नाव छापलेली टपालं ते मालकापर्यंत पोचण्याआधीच फाडून टाकत. मग कंपनी कोऱ्या पाकिटांतून जाहिराती पाठवू लागली.

नको असलेली वस्तू विकायची म्हणजे बोलणारी माणसं हवीत. पॅटरसनचे एजंट गावोगाव हिंडत, पण प्रत्येकाची बोलण्याची तऱ्हा वेगळी आणि विक्रीही वेगळी. त्यांत एक जण सातत्याने पुढे असे, तो म्हणजे पॅटरसनचा मेहुणा जोसेफ क्रेन. पॅटरसनने त्याला यशाचं कारण विचारलं. क्रेनने सांगितलं की तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगतो, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. पॅटरसनने ते सगळं लिहून घेतलं. १८८७ मध्ये त्याची छोटी पुस्तिका निघाली. साडेचारशेच्या आसपास शब्दांचं ते भाषण होतं, पण आधुनिक विक्रीच्या इतिहासात त्याला मूळग्रंथाचा मान आहे. त्या पुस्तिकेला ‘प्रायमर’ म्हणत, म्हणजे आपल्याकडची अंकलिपी. कोणतं वाक्य बोलताना यंत्राच्या कोणत्या भागाकडे बोट दाखवायचं, याच्या खुणासुद्धा तिच्यात होत्या.

पुस्तिका पाठ करणं सक्तीचं झालं. जुन्या मुरलेल्या एजंटांना हा अपमान वाटला. आम्ही काय पोपट आहोत का, असा त्यांचा सूर होता. पॅटरसन स्वतः हिंडून एजंटांची परीक्षा घेई. ज्यांना पाठांतर नको होतं त्यांना कंपनीही नको झाली. पुढे गिऱ्हाइकांच्या आक्षेपांना द्यायच्या उत्तरांचं वेगळं पुस्तक तयार झालं आणि १८९४ मध्ये डेटनला विक्रेत्यांची शाळा उघडली. इथे दुकानदाराची भूमिका घेऊन कोणी तरी समोर बसे आणि शिकाऊ विक्रेता त्याला यंत्र विकून दाखवी. १८९६ मध्ये या कंपनीत लागलेला थॉमस वॉटसन पुढे आयबीएमचा प्रमुख झाला आणि हीच शिस्त तिकडे घेऊन गेला.

एका गोष्टीची नोंद इतिहासकार घेतात, पण तिच्यावर फारसे थांबत नाहीत. विक्रेत्याच्या हातावर अविश्वास दाखवणारं यंत्र आणि त्याच्या जिभेवर अविश्वास दाखवणारी पुस्तिका, या दोन्ही एकाच कारखान्यातून जगभर गेल्या. गल्ला आधी बंद झाला, आठ वर्षांनी जीभ. दोन्हींचं काम एकच होतं, मालक जिथे नाही तिथे त्याच्या जागी उभं राहायचं.

पॅटरसनला खलनायक करून ही गोष्ट सोपी होईल, पण खरी होणार नाही. त्याच्या कारखान्याला भिंतभर काचा होत्या, कामगारांना गरम जेवण आणि दवाखाना होता. १९१३ च्या मार्चमध्ये डेटनला महापूर आला तेव्हा त्याने कारखान्यात होड्या बांधून लोक वाचवले आणि त्यांना तिथेच आसरा दिला. त्याआधी महिनाभरच, प्रतिस्पर्धी कंपन्यांना गैरमार्गाने संपवल्याबद्दल त्याला, वॉटसनला आणि इतर अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. जुनी यंत्रं विकणाऱ्या दुकानदारांना बुडवण्यासाठी मालकी लपवून खोटी दुकानं चालवणं, हा त्यांतला एक प्रकार. १९१५ मध्ये अपिलात हा निकाल रद्द झाला आणि तुरुंग टळला. नोकराच्या प्रामाणिकपणासाठी घंटा बसवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या व्यवहारावर मात्र घंटा नव्हती.

क्रेनची पुस्तिका फिरत्या एजंटांसाठी होती, हे विसरून चालणार नाही. त्यांना कमिशन होतं, स्वतःचा प्रांत होता, चांगली कमाई होती. काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलींपर्यंत ही विद्या पोचली ती विसाव्या शतकात, आणि कमिशन बहुधा वाटेतच गळून गेलं. १९०५ मध्ये बोस्टनला ल्यूसिंडा प्रिन्स या बाईंनी स्त्री-विक्रेत्यांसाठी वर्ग सुरू केला. त्यांचा भर मुलींना कापडाची जात, हिशेब आणि माणसाशी वागणं शिकवण्यावर होता. विक्री हे कसब आहे, आणि कसबाला मान व पगार मिळाला पाहिजे, असं त्या मानत. १९११ मध्ये फ्रेडरिक टेलर यांचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं आणि घड्याळ लावून काम मोजण्याची लाट उसळली. कसब शिकवायचं की काम तुकड्यांत तोडायचं, असे दोन रस्ते तेव्हा उघडे होते.

दुसऱ्या रस्त्यावरचा सर्वांत हुशार वाटसरू एल्मर व्हीलर. १९३० च्या दशकात त्याने दुकानांच्या काउंटरवर वाक्यांची चाचणी घ्यायला सुरुवात केली. कोणत्या वाक्याने किती माल खपला ते मोजायचं आणि जिंकलेलं वाक्य सगळ्या नोकरांना द्यायचं. त्याचा गाजलेला किस्सा माल्टेड दुधाच्या दुकानाचा आहे. दुधात अंडं घातलं की किंमत वाढे. पण ‘अंडं घालू का?’ असं विचारलं की लोक नको म्हणत. व्हीलरने नोकराला दोन्ही हातांत एकेक अंडं धरून ‘एक की दोन?’ असं विचारायला शिकवलं. नकाराचा पर्यायच प्रश्नातून काढून घेतला. आज बिलाच्या काउंटरवर ‘कॅरीबॅग मोठी देऊ की लहान?’ असं विचारलं जातं, तेव्हा मला ती दोन अंडी दिसतात.

गंमत अशी की मॉलच्या कितीतरी आधी यातलं एक पाठांतर आपल्याकडे खादीचे कपडे घालून आलं. बँकांत, टपाल कार्यालयांत, किराणा दुकानांत एक पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर आहोत, अशा आशयाची. खाली नाव महात्मा गांधींचं. गांधीजींच्या समग्र वाङ्मयात हे वचन सापडत नाही. त्याच आशयाचा मजकूर १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी नियतकालिकात छापलेला आहे, आणि तिथे तो स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर आहे. आमच्या दुकानातही गल्ल्याच्या वर ती पाटी होती. तिच्याखाली उभा राहून मी कच्चे रंग पक्के म्हणून विकले.

१९९१ मध्ये अंधेरीला ‘शॉपर्स स्टॉप’ उघडलं, १९९९ मध्ये हाजी अलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ मॉल आला, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पुणे, नाशिक, नागपूर, औरंगाबादपर्यंत मालक-नसलेली दुकानं पोचली. एका साखळीची शंभर दुकानं असतील तर शंभर गाद्यांवर कोण बसणार? कागद बसतो.

या कागदाची दुसरी बाजू मला दोन पुस्तकांनी दाखवली. सुझन पोर्टर बेन्सन यांनी ‘काउंटर कल्चर्स’ (१९८६) मध्ये अमेरिकी दुकानांतल्या स्त्री-विक्रेत्यांचा इतिहास लिहिला आहे. कारखान्यात मालक आणि कामगार असे दोनच असतात, दुकानात मात्र तिसरा असतो, गिऱ्हाईक. त्या तिघांच्या ओढाताणीत विक्रेतीला स्वतःची जागा सापडते, म्हणून तिच्यावर पूर्ण ताबा कधीच मिळवता आला नाही, असं त्या दाखवतात. रॉबिन लाइडनर यांनी ‘फास्ट फूड, फास्ट टॉक’ (१९९३) साठी हॅम्बर्गरच्या दुकानातल्या आणि विम्याच्या एजंटांमधल्या पाठांतराचा जवळून अभ्यास केला. पाठ केलेली वाक्यं काही कामगारांना ढालीसारखी वाटतात, असं त्यांना आढळलं. गिऱ्हाईक अंगावर आलं तरी ते वाक्यावर येतं, माणसावर येत नाही.

हे वाचून मी भाचीला फोन केला. ती लगेच म्हणाली, ‘खरं आहे मामा. मी आले तेव्हा इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक दिसलं की माझे पाय कापायचे. पहिले सहा महिने त्या कागदानेच मला सांभाळलं. पहिलं वाक्य पाठ होतं, म्हणून तोंड उघडलं.’ तालुक्याच्या गावाहून आलेल्या, घरात कोणी कधी मॉल न पाहिलेल्या मुलीला क्रेनची अंकलिपी उपयोगी पडली, हे मी नाकारणार नाही. मला साताऱ्यात पहिलं वर्ष गिऱ्हाइकासमोर उभंही करत नसत, मी फक्त घड्या घालत होतो. तिला आठवड्यात उभं केलं.

तरीही अंकलिपी पहिलीच्या मुलासाठी असते. माझा आक्षेप एवढाच आहे की या शाळेत दुसरी इयत्ता नाही. पाच वर्षं काम केलेल्या बाईच्या गळ्यात आणि काल आलेल्या मुलाच्या गळ्यात एकच कागद. घंटा फक्त आलेल्या पैशांसाठी वाजते. कापड गिऱ्हाइकाला शोभत नाही हे खरं सांगून त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं, आणि म्हणून ते वीस वर्षं परत येत राहिलं, याची नोंद यंत्रात होत नाही. तसंच चौकोनात बोललेलं मोजता येतं, योग्य वेळी न बोललेलं मोजता येत नाही. विक्रेत्याच्या कामातलं सर्वांत अवघड कसब हेच, कुठे थांबायचं ते. कागदावर त्याला जागा नाही, इतकंच नव्हे, तर ते कसब दाखवणाऱ्याला फुली मिळते.

दुकानातल्या नोकरांच्या शरीराकडे कायद्याचं लक्ष गेलं, त्यालाही फार वेळ लागला. ब्रिटनमध्ये १८९९ मध्ये दुकानातल्या स्त्रियांना बसायला आसनं देण्याचा कायदा झाला. आपल्याकडे केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये तिथला दुकाने-आस्थापना कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच बदल केला. दिवसभर उभं राहिलेल्या पायांचा अर्थ मला माहीत आहे, साताऱ्यात माझ्या पोटऱ्यांच्या शिरा विशीतच फुगल्या होत्या. त्या कायद्यांपुढे मी मनापासून हात जोडतो. पण पायांनंतर जिभेचा विचार कुठल्याच कायद्यात आलेला नाही. कदाचित तो कायद्याचा विषय नसेलही. मालक आणि नोकर यांच्यातल्या भरवशाचा असेल.

या वर्षी भाचीला बढती मिळाली. आता नव्या मुलींना तो कागद शिकवण्याचं काम तिच्याकडे आहे, आणि चौकोन भरण्याचंही. लेख लिहून झाल्यावर मी तिला तो वाचून दाखवला. क्रेन आणि व्हीलर तिला आवडले, पॅटरसनच्या होड्याही आवडल्या. मी विचारलं, ‘तुझ्या हातात असतं तर त्या कागदात काय बदललं असतंस?’

तिने बराच विचार केला. मला वाटलं, ती सगळा कागदच फाडून टाकायला सांगेल.

‘सगळं राहू दे मामा,’ ती म्हणाली. ‘नव्या पोरींना लागतं ते. फक्त खाली बाराव्या नंबरला लिहायचं, परिस्थिती बघून. आणि त्याच्यापुढे चौकोन काढायचा नाही.’